मुराळ्यावाचूनची वाट

थंडीच्या दिवसांत, आदिलाबादला मुलानं टाकलेल्या आमच्या किराणा दुकानासमोर एखाद्या रविवारी मोठी मोटार येऊन थांबते. तिच्या टपावर सायकली बांधलेल्या असतात. माणसानं सायकलवर बसायचं की सायकलीनं माणसाच्या गाडीवर, हे मला सुरुवातीला कळेना. मुलगा म्हणाला, ही हैदराबादची हौशी मंडळी आहेत, जिथं मोटार फिरकत नाही अशा जंगलातल्या नि नदीकाठच्या वाटा यांना हव्या असतात. तेवढ्यासाठी एवढ्या लांब मोटारीनं यायचं. असो, हौसेला मोल नसतं. पाण्याच्या बाटल्या घेताना त्यांच्यातल्या एका मुलीनं मला तेलुगूत विचारलं, तलमडुगूकडून जंगलातून पेनगंगेच्या खोऱ्यात उतरणारी एखादी वाट आहे का. मुलानं तोंड उघडायच्या आत मी नाही म्हणून टाकलं.

मुलगा माझ्याकडं बघत राहिला. वाट आहे हे त्याला ठाऊक आहे, आणि मी तिच्यावरून सायकलनं गेलेली आहे हेही त्यानं उडत उडत ऐकलेलं आहे. पण कशी गेले नि त्यातून काय झालं ते मी त्याला कधी नीट सांगितलं नाही. ऐंशी ओलांडल्या बाईनं खोटं बोलावं तर त्याचं कारण तरी मागं ठेवावं, म्हणून हे लिहायला घेतलं.

माझं माहेर तलमडुगूच्या अंगाला, जंगलाच्या तोंडाशी. सासर किनवट तालुक्यात, पेनगंगेच्या काठावर. लग्न झालं तेव्हा निजामाचं राज्य जाऊन फार दिवस झाले नव्हते, आणि दोन्ही गावं एकाच आदिलाबाद जिल्ह्यात होती. मधे डोंगर आणि सागाचं दाट जंगल. किनवटहून आदिलाबादला आगगाडी होती, नाही असं नाही; पण सासरहून स्टेशनापर्यंत बैलगाडी, मग आगगाडी, मग आदिलाबादेहून पुन्हा माघारी बैलगाडी, असा तो द्राविडी प्राणायाम. जंगलातून गेलं तर पहाटे निघालेला माणूस दुपारच्या भाकरीला पोचायचा. मात्र ती वाट ज्याला माहीत त्यालाच माहीत.

माझ्या भावाला ती माहीत होती. रझाकारीच्या दिवसांत गावातली माणसं रात्र रात्र जंगलात काढायची, तेव्हाच त्याच्या पायांना त्या वाटा कळल्या. पोलिस ॲक्शननंतर तो जंगलखात्यात नाकेदार म्हणून लागला. वडील आधीच गेले होते. घरात आई, तो, नि त्याची बायको. त्याच सुमाराला आमच्या भागातला जुना गिरदावर, म्हणजे जमिनीची मोजणी-वसुली बघणारा अंमलदार, सामान विकून हैदराबादेला निघून गेला. उर्दू बोलणारा, पान खाणारा, तसा भला गृहस्थ होता. जाताना त्याची हिरवी सायकल भावानं घेतली. राज्य गेल्यावर कुणाला काय मिळालं ते सरकारलाच माहीत, आमच्या घराला एक सायकल मिळाली.

आता मुराळी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच आहे. सासरी दिलेल्या लेकीला सणासुदीला नाहीतर उन्हाळ्यात माहेरी न्यायला तिचा भाऊ येतो, तो मुराळी. मुराळी आला की सून पाठवायची, आणि पाठवताना तिच्याबरोबर सासरची शिदोरी द्यायची, मग ती चार धपाट्यांची का असेना. मुराळी नाही तर माहेर नाही. एकटी दारात आलेली लेक ही पाहुणी नसते, ती टाकलेली असते. असं कुणी कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं, पण आमच्याकडं पाळण्यातल्या पोरीलाही ते माहीत होतं.

माझा मुराळी चैत्र-वैशाखात यायचा. कापूस विकून झालेला, ज्वारी घरात आलेली. आणि मुख्य म्हणजे फायरलाईन साफ झालेली. वणवा लागला तर पसरू नये म्हणून जंगलखातं उन्हाळ्याच्या तोंडी सागाच्या तुकड्यांमधलं गवत जाळून रुंद पट्टे मोकळे करून ठेवतं. ना गाडी, ना बैल, ना माणूस. काळीभोर जळकी माती, दोन्ही बाजूंना पानं गळलेले साग, आणि मधून सायकल. मी मागं कॅरिअरवर, मांडीवर बोचकं घेऊन. सकाळी सकाळी मोहाखाली अस्वलं येतात म्हणून भाऊ घंटी वाजवत जायचा आणि मला मोठ्यानं बोलायला सांगायचा. वर्षभर सासरी खाली मान घालून हळू बोलायचं, आणि इथं भाऊच म्हणतोय मोठ्यानं बोल. मी जे तोंडाला येईल ते ओरडायची. सासूच्या नकलासुद्धा करायची.

परत सासरी सोडायला येताना खोऱ्याकडं मोठी उतरण लागायची आणि सायकलच्या ब्रेकचा काही भरवसा नव्हता. तिथं भाऊ पळसाची पानांसकट मोठी फांदी तोडून कॅरिअरला दोरीनं बांधायचा. ती मागं फरफटत यायची आणि सायकल वेग धरत नसे. धुरळा मात्र असा उडायचा, की खाली नाल्यात पोचेपर्यंत आम्ही दोघं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसायचो. नाल्याच्या वाळूत हातानं झिरा उकरायचा, पाणी निवळेपर्यंत बसायचं, प्यायचं. माझ्या आयुष्यात निवांत बसणं असं जे काही झालं ते त्या नाल्यात.

सायकल मी तिथंच शिकले. पाहायला कुणी नव्हतं म्हणून शिकले. गड्याच्या सायकलला मधे दांडा असतो, पण नऊवारीला कासोटा असतो, दांडा आड येत नाही. भाऊ मागं धरून पळायचा आणि म्हणायचा, "खाली नको पाहू बाई, म्होरं पाह्य." पहिल्या उन्हाळ्यात गुडघे फुटले, दुसऱ्या उन्हाळ्यात मी त्याला कॅरिअरवर बसवून सपाटीचा तुकडा नेला. गाव दिसायला लागलं की खाली उतरायचं, पदर नीट करायचा आणि मागं बसायचं. आईलाही आम्ही हे सांगितलं नव्हतं. ती भित्री होती, आणि अशा गोष्टी ऐकल्या की तिची भाकरी कडू व्हायची.

मग राज्यांची पुनर्रचना झाली. किनवट तालुका मुंबई राज्यात गेला, आदिलाबाद आंध्रात राहिलं. आमच्या जंगलातून रेघ गेली म्हणायचे. रेघ मी कधी पाहिली नाही. फायरलाईनच्या एका वळणावर चुना लावलेला दगड बसला होता, तेवढाच. साग दोन्हीकडं सारखेच होते. पण कचेऱ्या हलल्या, कागद हलले, माणसं हलली. मुंबई राज्यातली नोकरी की आंध्रातली, असं म्हणे काहींना विचारलं. माझ्या भावाला कुणी विचारलं नाही. घर आदिलाबादेत, म्हणून तो आंध्राचा. जुजबी तेलुगू येत होती, तेवढ्यावर त्याची बदली वरंगलच्या जंगलात झाली.

जायच्या आधी तो मला सासरी सोडायला आला, तो त्या वाटेवरचा आमचा शेवटचा फेरा. बायको नि लेकरू तो बरोबर नेणार होता. आई जायला तयार नव्हती. शेत बटईनं, अर्ध्या वाट्यावर, दिलं तरी घराला दिवा कोण लावील, असं तिचं म्हणणं. सायकल त्यानं माझ्या सासरीच ठेवली. तिकडं ती कशी न्यायची, आणि इकडं जावयाला बाजाराला कामी येईल. सासूनं त्याला टोपी-उपरणं दिलं. नदीच्या वळणापर्यंत मी बघत होते. तेव्हा वाईट वाटलंच, पण खरं सांगायचं तर मुराळीच आता उरला नाही हे मला त्या दिवशी कळलंच नाही. ते पुढच्या उन्हाळ्यात कळलं, जेव्हा जावा एकेक करून माहेरी गेल्या आणि मी चुलीशी राहिले.

दुसऱ्याही उन्हाळ्यात कुणी आलं नाही. एक चुलतभाऊ होता, पण बांधाच्या भांडणावरून त्याचं नि आमच्या घराचं बोलणं बंद होतं. भावाचं पत्र यायचं, रजा मिळत नाही म्हणून. तशात एक दिवस आमच्याकडचा कासार बांगड्या भरायला आला. तो दोन्हीकडच्या गावांत फिरायचा. माझा हात हातात घेतल्यावर म्हणाला, तुझी माय अंथरुणाला खिळली आहे, शेजारीण पाणी देते, तुझंच नाव काढते. बांगड्या भरून होईपर्यंत मी कशी बसले ते माझं मला माहीत.

सासूला मी विचारलं. ती वाईट बाई नव्हती. तिनं माझ्या आईसाठी सुंठ-पिंपळीची पुडी काढून ठेवली, कासाराकरवी निरोप धाडू म्हणाली, भावाला तार कर म्हणाली. पण पाठवायचं म्हटल्यावर तिची मान हलेना. "मुराळी आल्याबिगर मी सुनेले धाडत नाई. उद्या लोक म्हनतीन, बुढीनं सून काहाडून देल्ली." यांनी मला पोचवावं, तर बोलावणं नसताना जावई सासुरवाडीच्या दारात जात नाही. एकूण काय, जो तो आपापल्या जागी बरोबर होता आणि माझी माय तिकडं एकटी पडली होती. भावाला तार गेली. उत्तर आलं नाही.

माझा नवरा अबोल. त्याच्या मनात काय चाललंय ते बैलालाही कळत नसे. शेतात कापसाच्या पराट्या उपटताना मी त्याला म्हटलं, मला सायकल चालवता येते. त्यानं हातातली पराटी खाली ठेवली. कुठं शिकलीस, कुणी पाहिलं का, काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू असताना तो सायकल हातात धरून नाल्यापर्यंत चालत आला, मी मागून पाण्याची घागर घेऊन. आधी चालवून दाखव म्हणाला. मी वाळूच्या कडेनं एक चक्कर मारली, जरा लटपटले, पण पडले नाही. त्यानं दोन्ही चाकं दाबून पाहिली. मग म्हणाला, "हवा भरली हाय. जाय तू. घरी आईचं मी पाहून घेतो." घागर डोक्यावर घेऊन हा माणूस गावाकडं परत फिरला. बाईसारखी घागर डोक्यावर घेतलेला नवरा मी त्या दिवशी पाहिला, आणि मला त्याची फार माया आली.

घाईत सुंठीची पुडी घरीच राहिली. शिदोरी तर कुठली, निघालेच होते चोरून.

चढण मी सायकल ढकलत चढले. वर फायरलाईनला लागले तर ती साफ केलेली नव्हती. दोन राज्यांच्या मधली पट्टी, कुणी साफ करायची यावर बहुधा दोन कचेऱ्यांचं ठरलं नसावं. गवत वाळून कमरेएवढं झालं होतं, चाकात गुंतत होतं. मी घंटी वाजवत होते, पण मोठ्यानं बोलायला तोंडच उघडेना. एकटीनं कुणाशी बोलायचं? सागाची वाळकी पानं चाकाखाली कडाकडा मोडत होती आणि दर वेळी वाटायचं, मागून कुणी येतंय. चुन्याचा दगड एकदाचा दिसला तेव्हा मी त्याला टेकून रडून घेतलं. भीती होती, दमले होते, आणि माय जिवंत असेल की नाही हे माहीत नव्हतं. पुढं मात्र जमीन सपाट होती. तिथं मी सायकलवर बसले ती थेट गावाच्या शिवेपर्यंत उतरले नाही. अभिमान वाटला, तो का लपवू? मायला सांगीन, तुझी लेक एकटी जंगल पार करून आली, असं मनात घोळवत होते.

माय ओसरीवर बाजेवर पडली होती. हाडं तेवढी राहिली होती. मी सायकल भिंतीला लावली आणि तिच्यापाशी गेले. ती माझ्याकडं बघेना. ती माझ्या मागं बघत होती, दारात आणखी कोण उभं आहे ते. मग माझ्या हातांकडं बघितलं, हात रिकामे. मग सायकलकडं. आणि तिचं तोंड उतरलं.

"टाकलं का वं तुले त्याईनं?"

मी म्हटलं, नाही माय, तुला पाहायला आले, त्यांनीच धाडलं. कुणासंगं आलीस? एकटी. शिदोरी? विसरले. मी एकेक खरं सांगत गेले आणि एकेक खरं माझ्यावरच उलटत गेलं. मी स्वतः सायकल चालवत आले म्हटलं, तर ती म्हणाली, लेकी, मरत्या माणसाशी खोटं नको बोलू. शेवटी ती सायकलकडं बोट करून म्हणाली, "पोराची सायकल बी वापस धाडली त्याईनं."

मुलीला टाकलं की माहेरचं सामान परत करतात. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी भावाच्या सायकलवर बसून आले होते, आणि मायच्या डोळ्यांना ती फक्त परत आलेली वस्तू दिसत होती.

मी अंगणात सायकल चालवून दाखवली. हो, दाखवली. शेजारीण तोंडाला पदर लावून बघत होती, पोरं गोळा झाली. मायनं डोळे मिटून घेतले. सासर सुटलेल्या बाईचं डोकं फिरतं, असं शेजारीण हळूच म्हणाली, मला ऐकू येईल इतकंच हळू. मला इतका राग आला, की वाटलं आईला गदागदा हलवावं. मी आले होते तिची सेवा करायला, चार दिवस तिच्या उशाशी बसायला, आणि ती बाई पाणी पीत नव्हती. परत जाईन असं वचन दे, मग पिते. किती सांगितलं, पालथ्या घड्यावर पाणी. संध्याकाळी मी वचन दिलं तेव्हा तिनं दोन घोट घेतले. रात्रभर माझा हात धरून होती. एकच सांगत होती, त्यांच्या पाया पड, मारलं तरी सोस, पण नांद.

उजाडायच्या आत तिनं मला बाहेर काढलं, गावानं बघू नये म्हणून. जाताना बांगड्यांवरून हात फिरवला, त्या नव्या होत्या, कासारानं भरलेल्या. तेवढ्यानं तिला थोडा धीर आला असावा असं मी अजून धरून चालते.

सासरी पोचले तेव्हा सासूनं काही विचारलं नाही. पाण्याचा तांब्या दिला, भाकरी वाढली आणि माय कशी आहे म्हणाली. एवढंच. मला कुणी टाकलं नव्हतं हो. चांगली नांदत होते.

त्याच महिन्यात माय गेली. भाऊ आधी पोचला होता, शेवटचा दिवस त्याला मिळाला. मला निरोप आला तो सगळं उरकल्यावर. तेराव्यानंतर तो आमच्याकडं आला. जंगलातून पायी आला होता, पाय सोलवटलेले, डोकं तुळतुळीत केलेलं. माझ्याशी न बोलता तो सरळ यांच्यापुढं गेला, डोक्यावरची टोपी काढली आणि यांच्या पायांवर ठेवली. "जवाईबुवा, मायनं मरताना शब्द घेतला मायाजवळून. बहिनीले टाकू नका."

हे गोंधळून उभे. सासू माजघरातून बाहेर आली ती तिथंच थबकली. यांनी टोपी उचलली, झटकली, त्याच्या डोक्यावर घातली आणि म्हणाले, कुणी टाकलंय तिला? मीच धाडलं होतं. भाऊ हो हो म्हणाला, पाहुण्याघरी म्हणतात तसं. जेवण झाल्यावर तो मला गोठ्यात घेऊन गेला, बैलांच्या आडोशाला, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

"खरं सांग बाई. नांदवते ना तुले?"

मी म्हटलं, नांदवतात दादा. फार चांगलं नांदवतात. हे म्हणता म्हणता मला मायचा हात आठवला, माझ्या बांगड्यांवरून फिरलेला, आणि मला रडू फुटलं. थांबेचना. माझं ते रडणं भाऊ बघत राहिला, आणि माय म्हणाली तेच खरं, अशी त्याची खात्रीच पटली. त्या वाटेवरून मी एकदाच एकटी गेले नि माझं एकही खरं कुणाला पटलं नाही, म्हणून त्या सायकलवाल्या मुलीला मी नाही म्हटलं.